शांपूची बया

माझ्या सुनेच्या न्हाणीघरात शांपूच्या बाटल्यांची रांगच लागलेली असते. एक कोरड्या केसांची, एक तेलकट केसांची, एक गळणाऱ्या केसांची. डोकं एकच, केसही तेवढेच, बाटल्या मात्र वाढत चालल्यात. परवा मला म्हणाली, "आई, एकदा लावून तर बघा. किती मऊ होतात केस." मी म्हटलं, "बाई गं, मी लावलाय. तू जन्माला यायच्या आधी लावलाय, आणि त्यानं माझी देवी करून टाकली होती." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की सासूचं आता काही खरं नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. वाचा आणि पुन्हा मला मऊ केसांचं सांगायला येऊ नका.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव चांगल्या वर्षीही आभाळाकडे डोळे लावून बसणारं. त्या साली तर विहिरीच्या तळाचा खडक उघडा पडला होता. जनावरं छावणीत गेली होती, गोठे मोकळे झाले होते आणि निम्मं गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. टँकर यायचा, पाणी विहिरीत सोडून जायचा आणि मग विहिरीच्या काठावर अशी झुंबड उडायची की घागरीवर घागर आपटून पोचे यायचे. आंघोळ हा विषयच लोक विसरले होते. डोक्यावरून न्हायचं तर लांबच राहिलं.

घरात राज्य जिजीचं. जिजी म्हणजे माझी थोरली चुलती. थोरले चुलते लवकर गेले, तेव्हापासून घराच्या किल्ल्या, धान्याची कणगी, पाण्याचा रांजण आणि आमचा सगळ्यांचा जीव तिच्या मुठीत होता. रांजणावर झाकण, झाकणावर पाटा, आणि पाटा कुणी हलवला की जिजीला अंगणातून कळायचं. माझे वडील, म्हणजे आबा, शेतात बैलांवर गरजायचे, पण उंबरा ओलांडून आत आले की वहिनीपुढं मांजर व्हायचे. आई तर धाकटी जाऊ. "व्हय जिजी" याच्यापुढं तिचं बोलणं गेलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मात्र फटकळ. कुणावर गेले कोण जाणे. जिजी म्हणायची, "ही आमच्या घरातली न्हाईच, दवाखान्यात बदललीया." जन्म माझा घरातच झालेला, पण जिजीला कोण सांगणार?

मी मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं करून घरी बसले होते आणि अशात नगरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. येत्या सोमवारी सकाळी हजर राहा. मी आनंदानं अंगणात उडी मारली, ती खाली यायच्या आत जिजीचा हुकूम सुटला.

"काय बी गरज न्हाई नगरला जायची. पाऊस पडला की हिचं लगीन करायचंय. माज्या भावाचा पोरगा हाय की पाथर्डीला."

हा पोरगा मी बघितला होता. माणूस वाईट नव्हता. दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा, अंगात रग होती. पण तो बोलायला लागला की फक्त बैलांबद्दल बोलायचा. त्याच्या डाव्या बैलाला काय आवडतं आणि उजव्याला काय सोसत नाही, हे मला एका दुपारीत पाठ झालं होतं. आणि आता जन्मभर हेच ऐकायचं होतं.

मी रडले, आदळआपट केली, जेवण सोडलं. पण दुष्काळात कुणी जेवण सोडलं तर घराला तेवढाच हातभार लागतो. कुणी एका शब्दानं जेव म्हटलं नाही. आबांना म्हटलं, "आबा, तुमी तरी बोला की." आबा म्हणाले, "बोलतो," आणि चिलीम घेऊन जे गेले ते दिवेलागणीला परतले. आई तेवढी चुलीपुढं बसून हळूच म्हणाली, "तू आपली तयारी ठिव." मी म्हटलं, कशाच्या जिवावर ठेवू तयारी? ती भाकरी थापत राहिली.

आता शांपू. माझी आत्या नगरला सावेडीत राहायची. तिकडं तेव्हा नवीन नवीन घरं उठत होती, आणि नव्या घरात गेल्यापासून आत्याचं सगळंच नवीन झालं होतं. पातळ नेसायची पद्धत नवीन, चहाच्या कपाला बशी नवीन, बोलताना मान वेळावणं तर अगदीच नवीन. ती त्या आठवड्यात येऊन गेली आणि जाताना आईच्या हातात एक बाटली कोंबून गेली. आत हिरवंगार, दाट काहीतरी. म्हणाली, "वहिनी, साहेबलोक आधी माणूस स्वच्छ आहे का ते बघतात. पोरीच्या केसांच्या जटा झाल्यात. हा शांपू लावा. शिकेकाईसारखं हंडाभर पाणी तापवत बसायला नको, थोडक्यात काम होतं."

हे "थोडक्यात" आईनं पदरात गाठ मारून ठेवलं. थोडक्यात म्हणजे थोड्या पाण्यात. दुष्काळातल्या माणसाला दुसरा अर्थ सुचणार तरी कसा?

गुरुवारी जिजी खडी फोडायला गेली तशी आईनं मला रिकाम्या गोठ्यात नेलं. कोपऱ्यात, गव्हाणीमागं, रॉकेलचा एक जुना डबा होता. वरचं पोतं काढलं तर आत पाणी! मी डोळे मोठे केले. आई म्हणाली, "माज्या वाटनीचं हाय. रोज थोडं थोडं ठिवलं." म्हणजे इतके दिवस ही बाई स्वतः तोंडावरून ओला हात फिरवून भागवत होती आणि माझ्या केसांसाठी पाणी साठवत होती. मला भरून आलं, पण आमच्यात असल्या वेळी काही बोलायची रीत नव्हती. मी नुसती पाटावर बसले आणि मान खाली घातली.

शिकेकाई लावायची आमची एक पद्धत होती. केसांच्या मुळाशी चोळचोळून लावायची, वर फडकं गुंडाळायचं आणि उन्हात बसून चांगली मुरू द्यायची. जेवढी मुरेल तेवढी चांगली. आईनं शांपूलाही तोच न्याय लावला. अर्धी बाटली माझ्या टाळूवर उपडी केली, दोन्ही हातांनी रगडरगड रगडली, मानेपर्यंत, कानामागं, कपाळापर्यंत आणली, आणि फडकं बांधून मला उन्हात बसवलं. वासाला बरं होतं. थोड्या वेळानं टाळू चुणचुणायला लागली. आई म्हणाली, "चुनचुनतंय म्हंजी मळ सुटतोय."

मग तिनं पाणी ओतलं आणि फेस आला.

शिकेकाईला फेस येतो तो गरीब बिचारा असतो, दुसऱ्या तांब्याला निघून जातो. हा तसला नव्हता. पाणी घातलं की वाढायचा. आणखी घातलं की आणखी वाढायचा. माझ्या डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पाठीवर, पाठीवरून पाटावर आणि पाटावरून गव्हाणीपर्यंत फेसच फेस. शेजारची कोंबडी आत आली, तिनं चोच मारून बघितली आणि पंख फडफडत अशी पळाली की पुन्हा आमच्या गोठ्याकडे फिरकली नाही. "अगं बया, ह्येला अंत हाय का न्हाई!" असं आई पुटपुटत होती आणि तेवढ्यात डब्याचं बूड दिसलं. पाणी संपलं, फेस तसाच. शेवटी तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यानं माझं डोकं पुसून काढलं आणि म्हणाली, "वाळला की जाईल आपोआप."

आता मला कातडीचे डॉक्टर सांगतात की फेस आणणारं जे द्रव्य शांपूत असतं ते भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं असतं. राहिलं तर कातडीतलं तेल ओरबाडून काढतं आणि एखाद्याला ते सोसत नाही, अंगावर उठतं. ॲलर्जी म्हणायचं त्याला. तेव्हा हे कुणाला माहीत? वाळला, आणि जिथल्या तिथं राहिला.

शुक्रवारी सकाळी मला डोळे उघडेनात. पापण्या पुरीसारख्या टम्म. कपाळ, कानामागं, मान, सगळीकडं लालभडक पुळ्या, आणि आग अशी की मिरची वाटून लेप दिलाय. मी कण्हत उठून बसले. जिजी समोरून तांब्या घेऊन येत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या आणि माझ्यापुढं गुडघे टेकले.

"बया आली! माजे आई, चुकलं असंल तर पदरात घी!"

कालपर्यंत ही बाई मला भवाने म्हणत होती.

त्या काळी देवीची साथ अजून पुरती गेलेली नव्हती. अंगावर पुळ्या उठल्या की तो रोग नव्हे, देवी घरी आली असं समजायचं. तिला बया म्हणायचं. तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या अंगावर ती आली आहे ते माणूस जे मागेल ते द्यायचं, कारण मागणारी तीच. जिजीनं दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले, माझ्या अंथरुणावर पाला पसरला आणि कामावर न जाता माझ्या उशाला डहाळीनं वारा घालत बसली. तिचा एक लेक लहानपणी देवीनंच गेला होता. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, पण वारा घालताना ती सारखी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत होती, ते मला सुजल्या डोळ्यांनी दिसत होतं. तिच्यावर चिडायचं ठरवलं तरी चिडता येईना.

घरात फोडणी बंद झाली. तेल तसंही नव्हतं, ते व्रत सोपं गेलं. आईनं आणखी एक व्रत काढलं. "बया घरात हाय तवर मी पिठात हात घालनार न्हाई. सोवळं पाळनार," असं तिनं जाहीर केलं आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. जिजीला तिच्या भक्तीचं एवढं कौतुक वाटलं की तिनं स्वतः परातीत पीठ घेतलं. माझ्या आयुष्यात जिजीला भाकऱ्या थापताना मी पहिल्यांदा बघितलं. भाकऱ्या जाड आणि कडेला फाटलेल्या होत्या, पण तेही बोलायची सोय नव्हती.

गावातल्या बाया दर्शनाला यायला लागल्या. आणि काय आणायच्या माहीत आहे? पाणी. नारळ-फुलं कुणाकडं होती? जिच्या घरात होतं नव्हतं ते पाणी तांब्यात घेऊन यायची आणि माझ्या पायांवर घालायची. ज्या गावात घागरीवरून डोकी फुटत होती तिथं माझे पाय दिवसभर ओले होते. मी मनात म्हणत होते, अगं बायांनो, हेच काल डोक्यावर घातलं असतं तर!

शनिवारी देवीडॉक्टर आला. देवी टोचणाऱ्या सरकारी माणसाला आम्ही देवीडॉक्टर म्हणायचो. मोठा रुबाबदार, खिशाला पेन, सायकलला पेटी. जिजीनं त्याला दारातच अडवलं. चपला काढायला लावल्या, पेटी चामड्याची म्हणून बाहेर ठेवायला लावली, पाय धुवायला मात्र सांगितलं नाही, पाण्याची उधळपट्टी फक्त माझ्यासाठी होती. त्यानं लांबूनच माझा चेहरा बघितला, हात बघितले, जीभ काढायला लावली आणि मान हलवली.

"ह्या देवी नाहीत, बाई. पुळ्या नुसत्या डोक्याच्या आजूबाजूला आहेत. हातापायांवर एक नाही. डोक्याला काय लावलं होतं?"

मी आईकडं बघितलं. आई दारामागं उभी होती, हात पदराखाली. आता सांगेल, मग सांगेल, असं मला वाटत होतं.

"काय बी न्हाई लावलं," आई म्हणाली.

मी ताडकन उठून बसले. "अगं, शांपू लावला की! गोठ्यात! अर्धी बाटली!"

"बया बरळायला लागली," जिजी कुजबुजली आणि तिनं घाईघाईनं माझ्यावर निंबाचं पाणी शिंपडलं. "जावा तुमी डाक्टर. तिला राग आला तर तुमच्यावर जाईल." देवीडॉक्टरनं एकवार माझ्या लाल कपाळाकडं बघितलं, एकवार जिजीच्या डोळ्यांकडं, आणि पेटी उचलून निघून गेला.

मला आईचा असा संताप आला म्हणून सांगू! चोरून पाणी वापरलं हे जिजीला कळेल म्हणून ही घाबरली, आणि तिच्या भित्रेपणापायी मी इथं पाल्यावर पडून राहणार, सोमवार निघून जाणार आणि पुढं जन्मभर डाव्या बैलाला काय आवडतं ते ऐकत बसणार! मी भिंतीकडं तोंड केलं आणि दुपारभर तिच्याशी बोलले नाही.

संध्याकाळी जिजीनं विचारलं, "बया, काय खानार गं माजे?" मी रागारागानं म्हटलं, "गूळ-शेंगदाणे!" आणि काय सांगू, जिजी उठली, कमरेची किल्ली काढली, कणगीमागचं मडकं उघडलं आणि गूळ-शेंगदाणे घेऊन आली. ते मडकं घरात आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. आबांचे डोळे पांढरे झाले. मी खाल्ले. आबांना दिले. मग मी थोडी सोकावले. जिजीला म्हटलं, मला गोधडी टोचते, तर तिनं तिची मऊ वाकळ दिली. म्हटलं, आबांना चिलीम इथंच ओढू दे, तर तीही परवानगी मिळाली. आबा माझ्याकडं इतक्या भक्तीनं बघायला लागले की मला हसू आवरेना.

रविवारी दुपारी सगळे माझ्याभोवती बसले होते. शेजारच्या बायाही होत्या. आणि आजवर जिनं चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं ती माझी आई पुढं आली, माझ्यासमोर बसली, पदराखालीच हात जोडले आणि मोठ्या आवाजात म्हणाली,

"बया, गूळ-शेंगदाने झालं, वाकळ झाली. आता तुला खरं काय पायजे ते नीट इचार करून माग. जिजी हायत, गाव हाय. मागशील ते मिळंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली नाही, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाढवे, कालपासून शेंगदाणे काय मागत बसलीस!

मी पाठ ताठ केली, सुजलेले डोळे होतील तेवढे मोठे केले आणि खर्जात म्हटलं, "मला उद्या नगरला न्या. मुलाखतीच्या हापिसात न्या."

जिजीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हापिसात? बया, हापिसात काय हाय गं माजे?"

आता आली का पंचाईत! बयाचं हापिसात काय काम, हे मला तरी कुठं माहीत होतं? तेवढ्यात आई म्हणाली, "जिजी, बया फिरस्ती असती. तिला शिवंच्या भायेर पोचवायलाच लागतंय. ती सोता जागा सांगती तर आडवू नका. आडवलं तर हितंच ऱ्हाईल."

हे पटण्यासारखं होतं. बयाला गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत होतीच. जिजीनं थोडा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "व्हय की. हापिसात लई मानसं असत्यात. रमंल तिथं," ती म्हणाली.

सोमवारी आम्ही निघालो. पुढं जिजी, हातात निंबाची मोठी डहाळी आणि कुठून तरी पैदा केलेला नारळ. मधे मी, केस मोकळे, कपाळावर कुंकू फासलेलं. मागं आबा. आई घरी थांबली, दिवा राखायला. एस.टी. आली ती खच्चून भरलेली. जिजीनं पायरीवर पाय ठेवून डहाळी आत घातली आणि ओरडली, "वाट द्या! बया हाय, बया!" पुढची माणसं मागं, मागची आणखी मागं, दोघंजण तर मागच्या दारानं उतरूनच गेले. कंडक्टरनं तिकिटं दिली ती हात लांब करून आणि वर नमस्कार घातला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मला न भांडता खिडकीची जागा मिळाली.

हापिसाच्या व्हरांड्यात माझ्यासारख्या बऱ्याच मुली बसल्या होत्या, चापूनचोपून वेण्या घातलेल्या, इस्त्रीची पातळं नेसलेल्या. मला बघून बाक रिकामं झालं. शिपाई म्हणाला, "तुमी आधी जा बाई, आत्ताच जा," आणि दार उघडून स्वतः बाजूला झाला. जिजी दारातच डहाळी घेऊन उभी राहिली. आबा तिच्या मागं लपले.

आत तीन साहेब. मधले थोरले, त्यांनी मला बघून नाकाला रुमाल लावला.

"हे चेहऱ्यावर काय?"

मी मागं बघत हळूच म्हटलं, "शांपूनं उठलंय, साहेब."

"मोठ्यानं बोला. मास्तरणीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे."

"डोक्याला शांपू लावला होता, साहेब. त्यानं उठलं."

"आणि त्या बाई झाड घेऊन का उभ्या आहेत?"

"त्यांना वाटतंय देवी आल्यात."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. पुढं झुकून म्हणाले, "अस्सं. मग सांगा, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला असं झालं आणि घरच्यांनी त्याला निंबात बसवलं, तर तुम्ही मास्तरीण म्हणून त्या घरच्यांना काय सांगाल? ते समोर उभे आहेत असं समजा आणि सांगा. आवाज मोठा हवा."

समजा कसलं, उभ्याच होत्या की! हळू बोलावं तर नोकरी गेली. मोठ्यानं बोलावं तर बयाचं सोंग उघडं पडणार, आणि जिजी मला झिंज्या धरून थेट पाथर्डीला नेणार. मी दाराकडं बघितलं. जिजी कान टवकारून उभी होती. मग म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. हातचं जाणारच असेल तर बोलून तरी जाऊ दे.

"बाई," मी जिजीकडं तोंड करून म्हटलं, आणि माझा आवाज व्हरांड्याच्या पार गेला, "ही बया नाही. देवी हा रोग आहे, तो एकाचा दुसऱ्याला लागतो. टोचून घेतलं तर होत नाही. त्यात तुमचा काही दोष नसतो. देवानं तुमच्यावर राग धरलेला नसतो. तुमचं लेकरू गेलं ते तुमच्या चुकीनं गेलं नाही."

शेवटचं वाक्य कसं आलं, मला माहीत नाही. जिजीचा चेहरा हलला. ती हळूहळू आत आली. मी डोळे मिटून घेतले.

ती साहेबांच्या टेबलापाशी गेली. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "ऐकलंत साहेब? बया कदी म्हनती का, मी बया हाय म्हनून? आन् मला माफ बी केलं तिनं. लई मोठं मन तिचं!"

मग तिनं साहेबांच्या कागदांवर निंबाची डहाळी ठेवली, त्यावर नारळ ठेवला आणि हात जोडले. "आता ही तुमच्याजवळ ऱ्हानार. तिनंच जागा मागितली. जपा तिला. आमच्या गावाला माघारी लावू नका."

साहेबांची खुर्ची सरकत सरकत भिंतीला टेकली. बाजूचे एक साहेब खिडकीकडं तोंड करून उभे राहिले होते, त्यांचे खांदे हलत होते. थोरले साहेब नारळाकडं बघत म्हणाले, "ठीक आहे. या तुम्ही."

नोकरीची ऑर्डर पुढं आली, मी निवृत्त होईपर्यंत मुलांच्या कानात तोच मोठा आवाज घातला, आणि पाथर्डीच्या त्या माणसाला बैलांची आवड असलेली बायको मिळाली. पण ते नंतरचं. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त जिजीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. "आता बया न्हाई न्यायची तुला," एवढंच म्हणाली आणि घर येईपर्यंत माझ्या त्या चिकट केसांतून हात फिरवत राहिली.

दारात आई उभी होती, दृष्ट काढायला हातात भाकरीचा तुकडा घेऊन. जिजी आणि आबा पुढं आत गेले. आईनं तुकडा ओवाळायला हात वर केले आणि पदर खाली घसरला.

तिचे दोन्ही तळवे सोलवटलेले होते. बोटांच्या बेचक्यांत भेगा, भेगांत रक्त, आणि मनगटापर्यंत माझ्या मानेवर होत्या तशाच लाल पुळ्या. मी तिचं मनगट धरलं.

"हे कधीपासून गं?"

"तुज्या डोक्याला लावला त्याच दुपारपासनं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? शांपूचं हाय म्हणून? मग देवीडॉक्टरनं विचारलं तवा बोलली का न्हाईस?"

आईनं घरात एकदा बघितलं. जिजी चुलीपाशी आबांना साहेबांची गोष्ट सांगत होती.

"बोलले असते तर तू आपली माजी लेक ऱ्हायली असतीस," आई म्हणाली. "बयाला न्हाई म्हनायची कुनाची टाप न्हाई. लेकीला समदेच न्हाई म्हनत्यात."

मग तिनं त्या हातांनी माझ्यावरून तुकडा ओवाळला आणि अंगणाच्या पार फेकून दिला.